सात वाजता बर्फ फुटणार

आमच्या शेजारी वर्तककाका राहतात आणि त्यांच्या घरात रोज संध्याकाळी सात वाजता हिमनग फुटतो.

हसू नका. आम्ही सिंगापूरला, बुकित पंजांग भागात अकराव्या मजल्यावर राहतो. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी सात वाजले की भिंतीपलीकडे बर्फ कण्हायला लागतो. आधी लांबलचक घरघर, मग कडाड् असा आवाज, की माझ्या ओट्यावरच्या वाट्या थरथरतात. मग कुणीतरी वरून खाली घसरत जाणारी शीळ घालतं. तो सील असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, वॉशिंग मशीन गेलं. मी प्लग काढला तरी आवाज चालूच.

काका हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत होते. जहाजांची इंजिनं तपासायचे. जन्मभर इंजिनं ऐकलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर खरं तर चार दिवस शांत बसावं. पण ह्यांना ध्रुवाजवळच्या समुद्राचं वेड लागलं. तिकडे बर्फाला भोक पाडून खालच्या पाण्यात माईक सोडतात म्हणे. ती रेकॉर्डिंग कुठून कुठून मिळवायची आणि कानाला हेडफोन लावून ऐकत बसायचं, हा त्यांचा उद्योग.

"समुद्र गप्प असतो हा गैरसमज," हे त्यांचं पहिलं वाक्य. लिफ्टमध्ये कुणीही भेटो. "बर्फ वितळताना त्यातली हवा पाण्यात तडतडते. ऐकलंत का? नाही ऐकलंत." उत्तराची वाट ते बघत नाहीत. आपल्या सिंगापूरच्या समुद्राचा तर ते रागच करतात. इथे कोळंबी कटकट करते, वर जहाजं घरघरतात, ह्या गोंगाटात समुद्राला स्वतःचं काही बोलायची सोय नाही, असं त्यांचं म्हणणं. माझी मुलगी त्यांना "सील अंकल" म्हणते. मी रागावले तर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ही लाइक्स इट, लाह." आणि खरंच, त्यांना ते आवडतं.

हेडफोन होते तोवर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण वर्षापूर्वी त्यांनी हेडफोन काढले आणि स्पीकर आणला. साधा नाही, भलामोठा काळा खोका. तोही जेवणाच्या टेबलाला खालून स्क्रूने आवळून टाकला. का, तर म्हणे तिथे तो चांगला वाजतो. खालच्या मजल्यावरच्या टॅन आंटी मला रोज पकडायला लागल्या, कारण काका आणि मी एकाच गावचे, म्हणजे जबाबदारी माझी. त्यांच्या देव्हाऱ्यात देवापुढे ठेवलेले चहाचे कप किणकिणत होते. मी काकांना समजवायला गेले. काका दार अर्धं उघडून म्हणाले, "वैशाली, तू तक्रार कर. शंभर कर. सात वाजता बर्फ फुटणार." आणि दार लावून घेतलं.

मला राग कशाचा आला सांगू? स्पीकरचा कमी, नीलाताईंचा जास्त. नीलाताई म्हणजे त्यांची बायको. आमच्या बायकांच्या गप्पांत पूर्वी सगळ्यात पुढे. वर्षभरात बाईंनी येणंच सोडलं. लिफ्टमध्ये दिसल्या तर नुसतं हसायचं आणि मान हलवायची. मी एकदा विचारलं, "पुण्याहून कधी आलात?" तर "हो हो" म्हणून मोकळ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण तोंडीच द्यायचं असतं, नुसतं टाइप करून कसं चालेल, म्हणून मी फोडणी देता देता त्यांना तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. अगदी आग्रहाचा. उत्तर नाही, त्याही नाहीत. मग आम्ही ठरवून टाकलं, बाई शिष्ट झाली. कुणी म्हणालं, नवरा वेडा आहे, तो येऊ देत नसेल. मी दोन्हींवर विश्वास ठेवला.

शेवटी मीच अर्ज लिहिला. टाउन कौन्सिलला, म्हणजे इथल्या इमारतींची देखभाल बघणाऱ्या कचेरीला. सहा घरांच्या सह्या घेतल्या, पहिली माझी. ऑफिसात दिवसभर ऑडिटची पत्रं लिहिते मी, अर्ज झकास झाला होता. आवाज कायमचा बंद करायला लावावा, असं त्यात स्पष्ट होतं. पण काकांच्या पाठीमागे पाठवायचा नाही, आपण काही भ्यायलो नाही, म्हणून आधी तो त्यांच्या हातात ठेवायला सात वाजताच गेले. बेल वाजवली. बर्फ कडाडत होता, कुणी ऐकेना. दार ढकललं तर उघडंच.

नीलाताई टेबलाशी बसल्या होत्या. दोन्ही तळहात टेबलावर पसरलेले, डोळे मिटलेले. हिमनगाने कण्हायला सुरुवात केली तशी त्यांची मान किंचित डुलायला लागली. काका समोर बसून बर्फाकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

माझ्या हातातला कागद काकांनी पाहिला, वाचला, घडी घालून परत दिला. मग सांगितलं. गेल्या वर्षी एका तापात नीलाताईंचे दोन्ही कान गेले. मशीन लावून पाहिलं, त्यातून माणसांच्या बोलण्याचा नुसता खडखडाट येतो. घरात काही वाजतंय हे त्यांना कळायचंच बंद झालं. एकदा काकांनी बर्फाचा आवाज लावून एक छोटा स्पीकर सहज टेबलावर ठेवला होता, तर नीलाताई चहाचा कप धरून म्हणाल्या, भूकंप झाला का? माणसाचा आवाज लाकडातून कळत नाही, पण बर्फ फुटतो तो कळतो.

"मग सांगायचं नाही का आम्हाला?" मी चिडूनच विचारलं.

"तिने शपथ घातली होती. तुम्ही सगळ्या 'बिच्चारी' म्हणाल, ते तिला नको होतं. मला वेडा म्हणालात, ते चाललं."

वर्षभर मी ह्या बाईला शिष्ट म्हणत होते आणि बहिऱ्या माणसाला बोलून मेसेज पाठवत होते. मी काकांची माफी मागायला लागले तर ते म्हणाले, "माझी नको. तिच्याकडे बघून बोल."

"पण त्यांना ऐकू..."

"नाही येत. तरी बोल. माझ्याशिवाय तिच्याशी कुणी बोललेलं नाही, आणि मला सीलपलीकडे बोलता काय येतं?"

मी समोर बसले. "नीलाताई, माझं चुकलं."

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. "काय?" त्यांचा आवाज खोलीभर घुमला, त्याचा अंदाज त्यांना राहिलेला नाही. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा मला रडूच आलं. चौथ्यांदा त्यांना कळलं, आणि त्या खळखळून हसल्या.

"एवढंच ना? मग चार-चारदा कशाला सांगतेस ग!"

टेबलाखाली बर्फ जोरात कडाडला. दाराबाहेर टॅन आंटींच्या सपाता वाजल्या. काका घाईघाईने आवाज कमी करायला उठले.

"बसा गुपचूप," मी म्हटलं. "कोण तक्रार करतंय ते मी बघते."