पांढरीपांडे काकांना काय चालतं

पांढरीपांडे काकांचं फाटक उघडायचं म्हटलं की आमच्या पिपलानी कॉलनीतली क्वार्टरांची अख्खी लाइन दहादा विचार करते. जाळीच्या दारामागे खुर्ची टाकून ते बसलेलेच असतात. बेलला हात लागायच्या आत दरडावतात, "एकट्याला, गटाला, की सगळ्यांना?"

म्हणजे निरोप कोणासाठी, ते आधी बोला! काकांनी कारखान्यात जन्मभर कॉम्प्युटर एकमेकांना जोडले, नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती कार्डं चालवणारे प्रोग्रॅम, लिहिले. मी शेजारीण, त्यामुळे प्रवचन ठरलेलं. "पॅकेट म्हणजे निरोपाचं पुडकं, बेटा. कोणती पुडकी घेता येतात ते ड्रायव्हरनं आधी कबूल करायचं. फक्त आपल्या नावाची, आपल्या गटाची, की सगळ्यांसाठी सोडलेली. जमत नसताना जमतं म्हटलं, तर पाठवणारा निर्धास्त राहतो आणि पुडकं गेलं बाराच्या भावात!"

स्वतः काका फक्त नावाची घेत. समोर उभं राहून, नाव घेऊन बोला. गणपतीच्या मीटिंगला बोलावलं तर, "गटाचं आपण बंद केलंय." खडूस म्हातारा, दुसरं काय!

परवा दुपारी मी मेथी निवडत होते. भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, "अहो! पंप... अहो!" काकूंना दमा आहे. हाका बारीक होत गेल्या. धावले. बघते तर काका खुर्चीत पेपर वाचतायत, निवांत!

मला बघून म्हणाले, "एकट्याला, गटाला..."

"अहो, काकू!" त्यांना ढकलून मी आत घुसले. काकू ओट्याखाली पडलेल्या, ओठ निळे. फळीवरचा पंप तोंडात दाबला. त्यांचा श्वास सुरळीत होईपर्यंत मी पाठ चोळत राहिले.

काका दारात उभे. "तिनं हाक मारली होती?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोर उभं राहून बोला, म्हणजे ओठ दिसतील असं बोला!

संध्याकाळी काका लाइनीतल्या एकेका घरी जाऊन आले. शेवटी आमच्या दारात. चेहरा पांढराफटक. माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, "बेटा, मला ऐकू येत नाही. सगळ्यांना सांगून आलो. तिची हाक आली तर धावा. पण तिला कळू देऊ नका. भीतीनं डोळा लागायचा नाही तिचा."

त्यांच्या मते ती कुजबूज होती. ऐकलं साऱ्या लाइनीनं. त्यांच्या पाठीमागे, कुंपणाशी, काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. डोळे भरलेले. त्यांनी मला हातानं खुणावलं, मी ऐकलं ते यांना सांगू नकोस.

मी मान डोलावली. दोघांनाही.