बत्तीस अंश आणि बोडस-सान

आमच्या घरी पहिल्यांदाच चहाला आलेल्या माणसानं चहाच्या कपावर पिस्तूल रोखलं. मी किंचाळलेच. ते पिस्तूल नसून तापमान मोजायचं यंत्र आहे, हे मला नंतर कळलं. "अडुसष्ट," गृहस्थ म्हणाले. "वहिनी, तीन मिनिटं थांबतो." आणि खरंच थांबले! आलं किसून, वेलची कुटून केलेला चहा. त्यावर साय धरली, मग पुन्हा पिस्तूल. सांगा, संताप येईल की नाही?

हे अविनाश बोडस. हिगाशी-कसाईला आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. वय बावन्न, मूळचे पुण्याचे, इथं जपानात वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसात सगळे बोडस-सान म्हणतात, म्हणून इमारतीतही बोडस-सान. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी रेवा त्सुकुबाला विद्यापीठात शिकते. तिच्या वसतिगृहात प्राणी चालत नाहीत, म्हणून जाताना ती आपला साप बापाच्या गळ्यात मारून गेली.

हो, साप! बॉल पायथन, म्हणजे अजगराची एक बुटकी जात. नाव उदोन, इकडच्या त्या जाड पांढऱ्या शेवयांवरून. असा हा उदोन गेलं वर्षभर माझ्या डोक्यावर नांदतोय.

बरं, पाळायचा तर पाळा. पण त्याच्या काचेच्या पेटीत उजवीकडे बत्तीस अंश आणि डावीकडे सव्वीस. खाली हीट मॅट, वर हीटर, मध्ये थर्मोस्टॅट. गारठा लागला की खाल्लेलं पचत नाही म्हणे त्याला. हे "म्हणे"सुद्धा बोडस-सानांना चालत नाही. "अंदाजे नको, आकडा सांगा," हे त्यांचं पालुपद. आज थंडी फार आहे म्हटलं, की आकडा सांगा. आमटीत मीठ जास्त झालं म्हटलं, तरी आकडा सांगा!

एवढा उबेचा सोस, तर स्वतः तरी उबेत बसावं? छे! त्यांच्या घराला वीज तीस अँपिअरची. सापाची पेटी, खोली गरम करणारा एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडतो. घरमालक वीज वाढवून देत नाही. मग या विद्वानांनी काय करावं? स्वतःचा एसी बंद केला! संक्रांतीला आम्ही तिळगूळ द्यायला गेलो, तर हे कानटोपी, जाडजूड जाकीट आणि मोज्यांवर मोजे चढवून बसलेले. आमचे दात वाजतायत आणि तो उदोन मजेत वेटोळं घालून झोपलेला. मी म्हटलं, "अहो, आल्यागेल्या माणसांचं तरी बघा जरा!" तर माझ्यावरच डाफरले, "माणूस स्वेटर घालतो वहिनी. साप काय स्वतःहून स्वेटर घालणार आहे? आणि दार लावा आधी, दोन दशांश गेले!"

दिवाळीत तर कहरच केला होता. पेटीतलं तापमान घसरलं की रेवाच्या फोनवर आपोआप मेसेज जावा, असा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. वीस वर्षांचा अनुभव बरं का! आणि मेसेज गेला कुठं, तर आमच्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या ग्रुपवर. कार्यक्रम ऐन रंगात, जोशीबाईंची तान टिपेला पोचलेली, आणि हॉलमधले सगळे फोन एकदम खणखणले. "धोका! उजवी बाजू २९.४!" निम्म्या लोकांना वाटलं भूकंपाचा इशारा आला. दोघं टेबलाखाली शिरले, त्यात एक माझा नवरा. बोडस-सानांना लाज? नाव नको. "गाणं चालू द्या, मी पेटी बघून येतो," म्हणाले आणि फराळाची ताटली हातात घेऊनच पळाले.

तर असा हा दशांशासाठी जीव टाकणारा माणूस. गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी थालिपिठांचा डबा द्यायला वर गेले. साडेसात वाजले असतील. दार नुसतं लोटलेलं. आत बघते तर बोडस-सान पेटीपुढे गुडघे टेकून बसलेले, पेटीतली एक वायर बाहेर ओढलेली, आणि तिच्या टोकाला केक गार राहावा म्हणून दुकानात देतात ती बर्फाची पुडी दाबून धरलेली!

"अहो, हे काय चाललंय?" मी ओरडलेच. "आम्ही दार उघडलं तर तुम्ही अंगावर येता, आणि आता स्वतः?"

त्यांनी पुडी पाठीमागे लपवली. "मॅटचा सेन्सर वेगळा आहे," चिडूनच म्हणाले. "ही वायर फक्त मेसेजची. उदोनला काही होत नाही. मला काय अक्कल नाही?"

"मग हा उद्योग कशाला?"

तेवढ्यात फोन वाजला. "हं, रेवा... हो गं, घसरलंय जरा. नाही, आता चढतंय... अगं थांब, ठेवू नकोस. चढेपर्यंत थांब ना."

मी डबा ठेवला आणि खाली आले. जिन्यातच माझं डोकं भडकलं. पण आता त्यांच्यावर नाही, त्या पोरीवर! त्सुकुबा काय सातासमुद्रापार आहे? तासा-सव्वा तासाची वाट. बापानं वायरीला बर्फ लावून लेकीला हाक मारायची? दुसऱ्या दिवशी तिला फोन लावला आणि घेतलं फैलावर. "तुझा बाबा तुला खोटे मेसेज पाठवतो, कळतंय का तुला काही?"

"माहितीये काकू," रेवा म्हणाली. तिचं मराठी जरा अडखळतंच. "ग्राफ दिसतो ना मला. एका मिनिटात बत्तीसवरून आठ. रोज साडेसातला. पेटी अशी थंड होत नाही."

"मग नुसता फोन करता येत नाही तुला?"

"करायचे. 'जेवलीस? बरं. ठेवतो.' एवढंच बोलतो बाबा. मलाही पुढे काही सुचत नाही. आधी आईच बोलायची ना आमच्या दोघांच्या वाटचं. पण उदोनचं काही झालं की बाबा अर्धा तास बोलतो. मधेच माझ्या परीक्षेचं विचारतो. परवा आईबद्दल पण बोलला." मग हळूच म्हणाली, "मला कळलंय हे त्याला सांगू नका, काकू. प्लीज."

मी "बरं" म्हटलं. भांडायला फोन केला होता, आणि भांडायला काही उरलंच नाही.

मग पुण्याला आईला फोन लावला. महिना झाला होता बोलून. तिनं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "काय गं, सगळं ठीक ना? अशी अवेळी?" मला काय सांगावं सुचेना.

"आई," मी म्हटलं, "साबुदाणा किती वेळ भिजवायचा गं?"

माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली. आई अशी काही संतापली! "सतरा वर्षं काय खायला घातलंस त्या जावयाला," इथून जी सुरू झाली, ती पाऊण तास थांबली नाही. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.