रंग हाय तेवढाच

शेडसमोर गाडी येऊन थांबली की सोपान मालकाकडं बघत नाही. राम राम नाही, या-बसा नाही. खिशातून भाजीची पातळ पिशवी काढतो, उजव्या हातात मोज्यासारखी चढवतो, डोळे मिटतो आणि बॉनेटवरून हात फिरवत राहतो. मालक बिचारा चावी धरून उभा. नवखा असला तर त्याला वाटतं हा देवऋषी आहे, आता गाडीच्या अंगात काहीतरी आणणार. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून कळते, हे मला सोपाननंच सांगितलं. माझा विश्वास बसेना, म्हणून घरी जाऊन फ्रीजवर करून बघितलं. खरंच कळते. त्या दिवशी मी फ्रीज दोनदा पुसला.

निमगाव केतकीत रस्त्याकडेला माझी पिठाची गिरणी आहे आणि तिला लागून सोपानचं शेड. गाड्यांच्या रंगाला मशिननं पॉलिश करायचं, हा त्याचा धंदा. आता मला सांगा, पिठाच्या गिरणीला लागून कुणी पॉलिशचं शेड टाकतं का? पण जागा त्याच्या वडिलांची, त्याला तरी दुसरीकडं कुठं मिळणार? माझं पीठ उडून त्याच्या चकचकीत गाड्यांवर बसायचं आणि तो फडकं घेऊन माझ्या दारात उभा राहायचा. दोन वर्षं आम्ही रीतसर भांडलो. मग त्यानं मधे ताडपत्री बांधली, मी दळणाची वेळ सकाळची केली. तेव्हापासून तो मला वहिनी म्हणतो आणि मी त्याला तोंडाला येईल ते बोलते.

काम मात्र बघत राहावं असं. आधी पाणी, मग साबण, मग याच कामासाठी विकत मिळणाऱ्या, कणकेसारख्या मऊ मातीच्या ओल्या गोळ्यानं अडकलेला कण न् कण उचलायचा. त्यानंतर मशिन. सगळ्या गाडीवर एकदम फिरवणार नाही. वीतभर चौकोन घ्यायचा, उभं, आडवं, पुन्हा उभं, पुसायचं, टॉर्च मारून बघायचं, मग पुढचा चौकोन. एका दारावर अर्धा दिवस घालवतो. त्याच्या आजा-पणजानं मेंढरं राखली, तो गुण बोटांत उतरलाय. मशिनचा लोकरीचा पॅड नवीन आला की दोन बोटांत चिमटून सांगतो, ही लोकर चांगली, ही नुसती दिखाऊ. बारामतीत मोठमोठी काचेची दुकानं सोडून लोक त्याच्या पत्र्याच्या शेडात येतात ते उगाच नाही.

त्याचं एक वाक्य ठरलेलं. “रंग हाय तेवढाच हाय. कंपनीनं एकदाच दिलाय.” म्हणजे काय, तर पॉलिशनं चरा भरत नाही. रंगावर काचेसारखा एक पातळ थर असतो, तो चऱ्याच्या तळापर्यंत उतरवायचा असतो. दरवेळी थोडं अंग झिजतं. त्याच्याकडं थराची जाडी सांगणारं काडेपेटीएवढं यंत्र आहे. ते लावून थर पातळ निघाला, तर गिऱ्हाईक कितीही गयावया करो, गाडी परत. मी म्हणायची, अरे लक्ष्मी दारात आलीय आणि तू तिला पाठवतोस? तर म्हणे, पत्रा उघडा करून पाठवू का?

बोलायला मात्र फटकळ. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्याची काजळी सगळीकडं पडते, आणि लोक सकाळी उठून ती कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसतात. सोपानच्या लेखी याच्याएवढं पाप नाही. एका बड्या बागायतदाराला त्यानं सरळ विचारलं, गाडी पुसली का खरकटी कढई घासली? तो तात्या लालबुंद होऊन गाडी घेऊन गेला. आठ दिवसांनी परत आला, सोबत नवी बादली. म्हणाला, कशी धुवायची तेवढं शिकव.

गिऱ्हाइकाला हे खपतं. होणाऱ्या सासऱ्याला कसं खपावं?

कारण सोपान अडतिसाचा झाला, आणि घरात तो आणि त्याची आई, दोघंच. हल्ली आमच्याकडं भल्याभल्या पोरांना मुली मिळत नाहीत, त्यात ‘गाड्या पुसतो’ एवढं कानावर गेलं की स्थळ पाठ फिरवतं. त्याची आई दळण घेऊन आली की डबा खाली ठेवायच्या आधी डोळ्यांत पाणी. तुझ्या गिरणीवर चार गावच्या बाया येतात, माझ्या डोळ्यादेखत ह्याचं बघ गं. मी म्हटलं बघते. तिथून माझ्या डोक्याला ताप लागला.

पहिलं स्थळ अंथुर्ण्याचं. चांगली माणसं, अंगणात पांढरी गाडी. मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा नवरदेव जागेवर नव्हते. बाहेर दाराला टॉर्च लावून मुलीच्या वडिलांना विचारत होते, हे कुणी पुसलं? त्यांनीच पुसलं होतं, टॉवेलनं. पुढचं सांगत नाही.

दुसरं सांगवीचं. या वेळी मी मुद्दाम घरात चारचाकी नसलेलं स्थळ काढलं. वाटेत शपथ घ्यायला लावली. तर बाबानं पोह्यांचं स्टीलचं ताट हातात घेतलं, उजेडाला धरून तिरकं केलं आणि मुलीला आयुष्यातला एकुलता एक प्रश्न विचारला: तारेची घासणी लावता व्हय? परतीच्या एसटीत मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. तोच शेवटी म्हणाला, पण लावत होत्या, वहिनी.

मग आली ती जनावरांची डॉक्टर. इंदापूरची, चौतिशीची. लग्न झालेलं, मोडलेलं, आईकडं राहणारी. जुनी लहान गाडी घेऊन शेताशेतांतल्या पाणंदींतून हिंडायची, कुणाची म्हैस अडलीय, कुणाच्या शेळ्या आजारी. अरुंद पाणंदी, दोन्ही अंगांना वेड्या बाभळी. गाडीच्या दोन्ही बाजू काट्यांनी ओरबाडलेल्या. मी मनात म्हटलं, आता हिची काही धडगत नाही. सोपाननं पिशवी घातली, हात फिरवला, डोळे उघडले आणि हळूच म्हणाला, गाडी कामाची हाय.

मी गिरणीत उभी होते, हातातलं सूप खाली ठेवलं.

चार दिवस तो त्या गाडीवर होता. ती संध्याकाळी यायची, माझ्याकडं बसायची, माझ्या म्हशीच्या तक्रारी ऐकायची. गाव त्याला सोपानदादा म्हणतं, बायका तर हटकून. ही म्हणायची सोपानराव. आता गिरणीत बसून बसून माझ्या कानांना एवढं तर कळतं. चार-पाच महिन्यांनी ती पुन्हा आली, गाडी पुन्हा ओरबाडलेली. ती येणार त्या दिवशी सोपान इस्त्रीचा शर्ट घालून पॉलिश करायचा. शर्टावर पांढरे शिंतोडे, पण इस्त्री. त्याच्या आईला मी म्हटलं, नवस बोलून ठेवा.

तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यानं ते यंत्र लावलं. एका दाराला, दुसऱ्या दाराला, पुन्हा पहिल्या. मग मशिनची वायर गुंडाळून ठेवली.

“आता हिला मशिन लावायचं न्हाय, डॉक्टर. थर संपत आलाय. दुसरीकडं लावून देतील, पण तुमी लावू देऊ नका.”

“म्हणजे आता यायचं नाही?” तिनं विचारलं.

“न्हाय,” सोपान म्हणाला.

ती गेली. मी ताडपत्री बाजूला करून आत घुसले आणि काय काय बोलले ते लिहिता येणार नाही. अरे मूर्खा, एक हात वरवर फिरवला असतास तर कोण बघत होतं? थोडं मेण लावून चमकवून दिली असतीस! तो खाली बघून पॅड धूत होता. खोटं पॉलिश त्यांच्या गाडीला कसं करू, एवढंच म्हणाला. आपल्या हातानं आपल्या दाराला कडी घालणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मला त्याचा राग आला, आणि खरं सांगते, रडूही आलं.

नंतर तिचं येणं बंद झालं. इस्त्रीचा शर्ट बंद झाला. बाजाराच्या दिवशी शेड बंद असतं, त्या दिवशी सोपान घरी थांबेनासा झाला. दुसऱ्या दिवशी बघावं तर दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले. विचारलं तर म्हणे मांजर. त्याच्या घरात मांजर नाही.

अंथुर्ण्याची एक बाई दळण घेऊन आली, तिनं सांगितलं. तुमचा तो पॉलिशवाला आमच्या पाणंदीवर कोयता घेऊन बाभळी छाटतोय. शेत ना शिवार त्याचं तिथं. मागच्या बाजाराला खालच्या वस्तीची वाट केली, त्याच्या आधी ओढ्याकडची.

मी त्याला गाठलं. आधी नाहीच म्हणाला. मग हात मागं घेतले.

“रंग वाढवता येत न्हाय, वहिनी. काटा तर काढता येतो,” तो म्हणाला. “त्यांना सांगू नका.”

मी आठ दिवस सांगितलं नाही. गिरणीवाल्या बाईला आठ दिवस म्हणजे किती, हे गिरणीवाल्या बाईलाच ठाऊक. नवव्या दिवशी डॉक्टरला फोन केला, म्हैस वैरणीला तोंड लावत नाही.

ती लगोलग आली. म्हैस मजेत रवंथ करत होती. तिनं पोट तपासलं, डोळे बघितले, ताप बघितला आणि माझ्याकडं वळून विचारलं, हिला झालंय काय? मी म्हटलं, हिला काही झालेलं नाही. आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाली, वाटा मोकळ्या दिसत होत्या, मला वाटलं ग्रामपंचायतीनं केलं. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, बॅग उचलली. जाता जाता थांबली.

“या बाजाराच्या दिवशी कुठल्या पाणंदीवर असतील ते?”

मी तिला वाट नीट समजावून सांगितली, दोनदा.