सीलबंद खोक्याचे दोन आवाज

ज्याच्या हातात शिक्का होता त्याला कान नव्हते, आणि ज्यांनी त्याच्या हातात शिक्का दिला त्यांना डोकं नव्हतं. पुएर्तो लुपूना या नदीकाठच्या गावात हे तोंडावर सांगायला कुणी तयार नाही, म्हणून इथं सांगून टाकलं. नदीवर शेकडो होड्यांची इंजिनं दिवसभर फटफटतात, ती पालिकेला ऐकू येत नाहीत. कार्निव्हलला वर्षातून एकदा वाजणारी गिटार तेवढी बरोबर ऐकू येते.

कार्निव्हलच्या रविवारी सकाळी पालिकेचे निरीक्षक ग्रांदेस तेओबाल्दोच्या अंगणात शिरले तेव्हा तेओबाल्दो टेबलावर ठेवलेल्या अँपला कान लावून बसला होता. अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा, बापाकडून आलेला एक खोका. त्याला तार खुपसायला एक भोक, आवाजाचं एक बटण आणि सुराचं एक. गिटार अजून भिंतीलाच टांगलेली होती. आत काही चरचरतंय का हे ऐकायचं म्हणून तेओबाल्दोनं आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं होतं. खोक्यातून कुठंतरी लांब केळी तळत असावीत तेवढीच चुरचुर येत होती.

"चालू आहे का हा?" ग्रांदेसनी विचारलं.

"आहे की. दिवा बघा, लागलाय."

"मग आवाज कसा नाही?"

"गिटार जोडली नाही साहेब, आवाज कुठनं येणार?"

"उत्तम!" ग्रांदेस म्हणाले. "यंदाचा नियम आहे, रहिवाशांना त्रास होणार नाही अशा पातळीला बटणं सील करायची. ही पातळी मला पसंत आहे."

तेओबाल्दो "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही बटणांवर चिकटपट्टी मारली, तिच्यावर शिक्का हाणला आणि कागद पुढं केला. सील फुटलं तर खोका जप्त. शिवाय वाद्य नीट वाजलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून उमिशाला पालिकेची गाणी लावणारी गाडी येईल, असंही त्यात टंकलेलं होतं. अर्थात ग्रांदेसनीच.

उमिशा म्हणजे बादल्या, टॉवेल, फुगे, घमेली टांगून चौकात रोवलेला ताड. जोडप्यांनी त्याच्याभोवती फेर धरायचा आणि पाळीपाळीनं कुऱ्हाड चालवायची. ज्या जोडीच्या घावानं झाड पडेल तिनं पुढच्या वर्षीचं झाड उभारायचं, आणि वाजवणाराही तिनंच ठरवायचा. कुऱ्हाड कधी चालवायची हे या वस्तीत गिटार सांगते. साफ आवाज आला की नाचायचं. फाटका, गुरगुरणारा आवाज आला की त्या क्षणी झाडासमोर असलेल्या जोडीनं तीन घाव घालायचे. आधी तेओबाल्दोचा बाप वाजवायचा, एकोणीस वर्षांपासून तेओबाल्दो. एरवी होडीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला वर्षातला हा एकच दिवस लोक नावानं हाक मारत.

एका आवाजाच्या खोक्यातून दोन आवाज काढायची त्याची रीत साधी होती. बायको सोराइदा खोक्याशेजारी स्टूल टाकून बसायची. नवऱ्यानं मान हलवली की बटण वर, दुसऱ्यांदा हलवली की खाली.

"आता मी फिरवू काय? शिक्का?" सोराइदा म्हणाली.

तेओबाल्दोनं गिटार जोडली आणि एक तार छेडली. शेजारच्या कोंबड्या कुंपणावरून उडाल्या. कुत्रं जे पळालं ते संध्याकाळीच परतलं.

आवाज ऐकून मेल्चोरा मावशी आली. गेल्या वर्षी तिच्या घावानं झाड पडलं होतं, त्यामुळं यंदाचं झाड तिचं. अकरा वाजले होते, फेर दोनला सुरू व्हायचा होता.

"तेओ, हे असंच गुरगुरणार का दिवसभर? मग लोकांनी नाचायचं कधी? सुरुवातीपासनं नुसतं तोडतच बसायचं?"

"मावशी, बघतो काहीतरी."

"बघ बाबा. एकला मला सांग. नाहीतर ती गाडी बोलवावी लागेल, आणि एकदा गाडी आली की ती जायची नाही."

तेओबाल्दोनं आधी खोक्यावर गोधडी टाकली. आवाज दबला, पण फाटका तो फाटकाच. मग खोका तोंडानं भिंतीकडे फिरवला. मग दोघांनी तो उचलून न्हाणीघरात ठेवला आणि दार लावलं. आता न्हाणीघर गुरगुरायला लागलं.

"कमी होतोय, पण साफ होत नाहीये," तो म्हणाला. त्याच्या तोंडावरची चिंता जाऊन तिथं भलतंच काहीतरी आलं होतं. बंद पडलेलं इंजिन उघडल्यावर त्याचा चेहरा असाच व्हायचा. "म्हणजे कमी आवाज आणि साफ आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सोराइदा!"

"वा. हे ऐकून पालिका सील काढणारच बघ."

पण तो ऐकत नव्हता. त्यानं तार बोटाच्या मऊ भागानं अगदी हलकी छेडली. आवाज साफ आला. जोरात छेडली, फाटला. हलकी, साफ. जोरात, फाटका. दहा वेळा केलं.

"खोका बिघडलेला नाहीच. त्याच्या घशात आपण किती ओततो त्यावर आहे! इंजिनात पेट्रोल जास्त गेलं की ते खोकतं ना, तसं. मग इंजिनाला हात कशाला लावायचा? नळी आवळायची!"

"मग आवळ. पण एवढं हलकं वाजवलंस तर नाचणाऱ्यांना ऐकू काय येणार? डास?"

तेओबाल्दोची नजर गिटारवर गेली. गिटारच्या अंगावरही एक बटण होतं. बापानं ते शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं आणि "याला हात लावायचा नाही" एवढंच सांगितलं होतं. का, ते बापानं सांगितलं नाही आणि पोरानं विचारलं नाही. एव्हाना ते गंजून जाम झालं होतं. त्यानं इंजिनाचं तेल आणलं, बटणाच्या मुळाशी चार थेंब सोडले, पक्कड लावली. कर्र आवाज करत बटण फिरलं.

त्यानं ते खाली आणलं, निम्म्याच्याही खाली, आणि नेहमीच्या जोरानं तार छेडली. न्हाणीघरातून स्वच्छ, गोल, भरघोस आवाज आला. थोडा मऊ होता, म्हणून तो हात सरकवून तारांच्या टोकाशी वाजवू लागला, तसा आवाजही उजळला. मग करंगळीनं बटण वर ढकललं. गुरगुर. खाली, साफ. वर, गुरगुर. शिक्का जागच्या जागी.

"सोराइदा! एका करंगळीचं काम!"

सोराइदानं हात कमरेवर ठेवले. ती हळू आवाजात बोलायला लागली की शेजारपाजारचे दारं लावून घेत.

"एका करंगळीचं," ती हळूच म्हणाली. "आणि मी एकोणीस वर्षं त्या खोक्यापाशी बसले. पाय सुजेपर्यंत. सगळी वस्ती नाचत होती आणि मी तुझ्या मानेकडे बघत होते. एकदा तरी ते बटण फिरवून बघावंसं वाटलं नाही तुला?"

"बाबा म्हणाले होते..."

"बाबांना बायको नव्हती का स्टुलावर बसवायला?"

"होती ना. आईच बसायची."

हे उत्तर त्यानं द्यायला नको होतं. सोराइदानं घागरा बदलला, केसात फूल खोचलं आणि एकला मावशीला निरोप द्यायला ती स्वतःच गेली. "वाजतंय. आणि मी नाचणार आहे."

दोनला फेर सुरू झाला. माणसं एकमेकांना चिखल फासत होती, मासातो या आंबवलेल्या दारूचे मग फिरत होते. गिटार साफ वाजायची तेव्हा लोक नाचायचे, गुरगुरायची तेव्हा घाव पडायचे. ग्रांदेस खुर्चीवर बसून होते. त्यांची नजर कुऱ्हाडीवर नव्हती, सीलवर होती. दर गुरगुरीला ते वाकून चिकटपट्टी तपासत आणि आणखी गोंधळून खुर्चीत परतत.

पाचव्यांदा वाकले तेव्हा सोराइदानं त्यांचा हात धरला. "साहेब, कार्निव्हलला खुर्चीत बसलेल्या माणसाला चिखलात लोळवतात इथं. त्यापेक्षा नाचा."

ग्रांदेसनी आजूबाजूला पाहिलं. चिखलाच्या बादल्या भरलेल्या होत्या. ते मुकाट उठले.

झाड एव्हाना अर्ध्याहून जास्त कापलं गेलं होतं. अशा झाडाजवळून जाणकार जोड्या झपझप पुढं सरकतात. तेओबाल्दोनंही ठरवलं होतं की सोराइदा लांब जाईपर्यंत साफच वाजवायचं. पुढच्या वर्षीचं झाड आपल्या घरावर यायला नको. पण त्यानं बायकोला नाचताना पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. ती गिरकी घेताना मान मागं टाकते, हे त्याला माहीतच नव्हतं. तो बघत राहिला. तेलानं बुळबुळीत झालेलं बटण, त्यावर चिखलाची करंगळी. करंगळी घसरली, आणि खोका असा गुरगुरला की चौकातली सगळी माणसं एकदम थांबली.

कुऱ्हाड सोराइदाच्या हातात आली. तिनं एक घाव घातला. दुसरा घातला. तिसरा घालायला कुऱ्हाड ग्रांदेसच्या हातात दिली. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्यात चिखल घातला. त्यांनी डोळे मिटून कुऱ्हाड टेकवली. नुसती टेकवली.

झाड पडलं.

झाडावरच्या बादल्या, टॉवेल, घमेली एका दमात लुटली गेली. लोक ओरडत होते, "ग्रांदेस! सोराइदा! पुढचं झाड यांचं!"

ग्रांदेस चिखल पुसत थेट खोक्याकडे धावले. चिकटपट्टी बोटानं चाचपली. अखंड. शिक्का, अखंड. तेओबाल्दोपाशी येऊन ते म्हणाले, "बटण हललेलं नाही. मग दोन आवाज आले कुठून? तीन दिवसांत लेखी खुलासा पाहिजे!"

तेओबाल्दो भोळा. त्यानं हौसेनं करंगळी वर केली, "अहो, सोपं आहे, हे बघा..." तोच सोराइदाची टाच त्याच्या पायावर पडली. आज सांगितलं असतं तर उद्या गिटारवरही चिकटपट्टी आली असती. तो कळवळून पाय धरून बसला.

"खुलासा सावकाश देऊ," सोराइदा म्हणाली. ती धापा टाकत होती आणि कुऱ्हाड आता परत तिच्या हातात आली होती. "झाड आता दोघांचं, तर वाजवणारा पण दोघांनीच ठरवायचा. माझं मत माझ्या नवऱ्याच्या गिटारला. तुमचं?"

ग्रांदेसनी खिशातली त्या टंकलेल्या कागदाची प्रत चाचपली. ती भिजून लगदा झाली होती. मेल्चोरा मावशी पुढं आली. तिच्यामागं वस्ती आली, नखशिखांत चिखलात.

"वरच्यांना विचारावं लागेल," ग्रांदेस पुटपुटले.

"वरच्यांनी घाव घातला का? तुम्ही घातलात. गिटार का गाडी? कागदावर नको साहेब, तोंडानं सांगा. आत्ता, सगळ्यांसमोर. कोण वाजवणार?"