गोदावरीच्या सासरी

संभाजीनगरात, मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं, की माणसं हातातली कामं टाकून बादल्या घेऊन धावतात. रंगनाथआप्पा मात्र आधी डोक्यावरची टोपी नीट करतात, नळासमोर उभे राहतात आणि विचारतात, "आलीस का बाय? वाटंत तरास नाय ना झाला?" मग बादली लावतात. नळ नुसता फुसफुसला आणि दोन थेंब टाकून बंद झाला, की शिव्या आम्ही देतो. आप्पा म्हणतात, "दमलीया ती."

शहराचं पाणी जायकवाडीचं, म्हणजे गोदावरीचं. आणि गोदावरी ही आप्पांची लेक. सारं जग तिला माय म्हणतं, पण आप्पांना ते मुळीच मान्य नाही. "माय म्हनावं येवढी ती आमच्याकडं मोठी कुठं हाय? त्र्यंबकला जन्मली, नाशकात रांगली, आमच्या हितं परकर नेसून आली." कायगावाजवळची त्यांची जमीन धरणात गेली तेव्हा भावकी ऊर बडवत होती. आप्पांनी एका वाक्यात विषय मिटवला, "लेकीला आंदण दिली." पुढे ते शहरात आले, कारखान्यात लागले, निवृत्त झाले, पण लेकीची काळजी काही सुटली नाही. त्यांच्या हिशेबाने पैठण ते नांदेड तिचं माहेर, आणि धर्माबाद ओलांडलं की सासर सुरू. आंध्रात पूर आल्याची बातमी वाचली, की पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, "पोरीला कुनीतरी बोललं आसंल. उगाच नाय चिडत ती."

त्यामुळे आमच्या गल्लीतल्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यांनी राजमहेंद्रीची सहल ठरवली, तेव्हा पहिलं नाव आप्पांचं आलं. राजमहेंद्रीहून बस निघते, सोबत गाइड असतो, गोदावरी जिथे फाटे फुटून समुद्राला मिळते तो सगळा प्रदेश दाखवून संध्याकाळी परत आणतात, असं माझ्या यजमानांनी वाचून दाखवलं. "बघून येऊ," आप्पा म्हणाले. "नांदती का नाय नीट, ते एकदा डोळ्यानं बघून येऊ."

रेल्वेगाडीत त्यांच्याजवळ कपड्यांची पिशवी लहान आणि पाण्याचं कॅन मोठं होतं. घरच्या नळाचं पाणी, शिवाय फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. धर्माबाद गेलं तसं त्यांनी चहावाल्यालाही हाताने पुढे जायला सांगितलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, म्हणून ते मला टेलिफोनबाई म्हणतात. "टेलिफोनबाई, आता हितनं पुढं सासर. लेकीला लेकरू व्हईस्तवर बापानं तिच्या घरचं पानी प्यायचं नसतं."

यावर बाकीचे हसले. मी हसले नाही, मला राग आला. कारण आप्पांना खरीखुरी लेकही आहे. सुमन वैजापूरला दिलेली. जावई कांद्याचा व्यापारी, माणूस सरळ. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. आणि हा रूढी पाळणारा बाप दर दिवाळीला एसटीने वैजापूरला जातो, अंगणात खुर्चीवर बसतो, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पितो आणि शेवटच्या गाडीने परत येतो. सुरुवातीला सुमन आग्रह करायची, मग रडायची, आता नुसती खुर्ची आणून ठेवते. हे तिनेच मला सांगितलं होतं, आणि मी आप्पांना तोंडावर म्हटलं होतं की तुम्ही हेकट आहात. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा विषय काढला.

राजमहेंद्रीला सकाळी बस घाटापाशी थांबली आणि आप्पांची बडबड तिथेच बंद पडली. उन्हाळ्यात कायगावला जिचं पाणी जेमतेम गुडघ्याला लागतं, ती इथे क्षितिजापर्यंत पसरली होती. पलीकडचा काठ धुक्यात, आहे की नाही कळेना. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं पाणी एका जागी मी पाहिलं नव्हतं. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "येवढी मोठी झाली," ते म्हणाले, "आन् आमाला कुनी सांगितलं बी नाय."

आमचा गाइड रमणा, हातात काठीला बांधलेलं पिवळं फडकं. हैदराबादला राहिलेला, त्यामुळे त्याची हिंदी थेट आमच्या गल्लीतलीच. धवळेश्वरमचा बंधारा आला तसे आप्पा त्याच्यावर उखडले. "क्यों जी, हमारी पोरगी को इधर भी काम को लावते?"

रमणाने प्रवासी खूप पाहिले असतील, पण हा नमुना नवा. तरी तो शांतपणे म्हणाला, "वो काम करती साब, तबीच पूरा इलाका खाना खाता."

आप्पा माझ्याकडे वळले. "घर तीच चालवती म्हन," ते म्हणाले, आणि आवाजातला गर्व काही लपला नाही.

पुढे कोनसीमा, म्हणजे गोदावरीच्या फाट्यांमधला मुलूख, सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कालवे, त्यापलीकडे भात, त्यापलीकडे नारळ, आणि मग पुन्हा पाणी. आमच्याकडे दाराशी मोटारसायकल उभी असते तशी इथे घराघराशी होडी बांधलेली. मराठवाड्यातल्या डोळ्यांना एवढं हिरवं एकदम सोसत नाही. आप्पा मात्र खिडकीतून डोकं काढून पाहणीला आलेल्या साहेबासारखे एकेक टिपत होते. भात भरलेत, गुरं धष्टपुष्ट आहेत, बायकांच्या अंगावर सोनं आहे. "खाऊनपिऊन सुखी हायती," असा शेरा मिळाला.

जेवण तिकिटातच होतं. केळीच्या पानावर वाफाळता भात, डाळ, झणझणीत लोणचं. आप्पांनी पानाला हात जोडले आणि बसच्या पायरीवर जाऊन दशम्यांचं फडकं सोडलं. रमणा घाबरला. पान घेऊन त्यांच्यामागे गेला, "साब, क्या कमी पड गया?"

"कमी कुछ नै. पोरगी का घर है."

बिचारा ते पान तसंच धरून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सगळी रीत समजावून सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली आणि ते पान आमच्या यजमानांनी संपवलं.

मग होडीतून नदीचा एक फाटा ओलांडताना घोटाळा झाला. होडीला हिसका बसला, कॅन कलंडलं आणि झाकण उडून मुकुंदवाडीचं पाणी भळाभळा नदीत गेलं. आम्ही हळहळलो. "जाऊ द्या," आप्पा म्हणाले, "माहेरचं पोचलं तिला." पण ऊन तापलं होतं. संगमावरच्या अंतर्वेदीला पोचेपर्यंत त्यांचे ओठ सुकले आणि पावलं जड पडू लागली. मी माझी बाटली पुढे केली. ती राजमहेंद्रीच्या हॉटेलात भरलेली, म्हणून ती वर्ज्य. मला असा संताप आला की मी बाटलीचं झाकण गच्च पिळून लावलं.

आणि मग वाळूचा शेवटचा चढ चढून आम्ही वर आलो. समोर तो संगम. मातकट, रुंद, संथ गोदावरी एका बाजूने येत होती आणि समोरून समुद्र. दोन रंग दूरवर शेजारी शेजारी चालले होते आणि मग कुठेतरी एक होत होते. पुढे जमीनच नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि कशाने ते मला आजही नीट सांगता येत नाही. यजमानांनी फोटोसाठी काढलेला फोन तसाच खिशात ठेवला.

रमणाचं रोजचं बोलणं सुरू झालं. सवयीने, हात फिरवून तो सांगत होता, "सुबे से जो देखे ना आप, गावां, खेतां, नारियल, ये कुछ नै था. सब समुंदर था. गोदावरी तुमारे उधर से मिट्टी लाई, यां डालते गई, डालते गई. पूरी जमीन उसीच की पैदा करी हुई है."

आप्पांनी मागे वळून पाहिलं. नारळांची रांग, घरं, देवळाचं शिखर, वाळूत खेळणारी पोरं. खूप वेळ पाहिलं.

"म्हंजी लेकुरवाळी हाय की," ते अगदी हळू म्हणाले.

शेजारी शहाळेवाली बसली होती. आप्पांनी स्वतः जाऊन हात पुढे केला. शहाळं दोन्ही हातांनी धरून ते प्यायले, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मग वाळूत माझ्याजवळ बसले.

"तुमी मला हेकट म्हनता, टेलिफोनबाई. आसंल. पर मी रीतीसाठी नाय थांबलो. ज्या दिशी मी सुमीच्या घरचं पानी पिईन, त्या दिशी तिला कळंल का बापानं आशा सोडली. म्हनून नाय प्यालो." त्यांनी मूठभर वाळू उचलली, पुन्हा खाली सोडली. "आन् ही बघा. हिच्या पोटातनं कुठं काय आलं? वाटंतला गाळ पदरात घेतला आन् हितं आनून गावं उभी केली. सुमीनं दिराची पोरं आशीच वाढवली. धाकटं तर तिलाच आई म्हनतं. मी समोर बसून बघत हुतो, आन् तरी वाट बघत हुतो."

माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही. मला त्या म्हाताऱ्याची फार माया आली.

परतीच्या गाडीतून संभाजीनगरला सगळे उतरले. आप्पा जागचे हलले नाहीत. वैजापूरला जायचं तर पुढे रोटेगावला उतरावं लागतं. मी यजमानांच्या हाती बॅगा दिल्या आणि आप्पांसोबत बसून राहिले.

सुमन दारात आली. "आप्पा? आत्ता कसं काय?" म्हणाली, आणि सवयीने खुर्ची आणून अंगणात ठेवली. मला पाणी दिलं, त्यांना नाही. आप्पा बसले. नळाशी, नदीशी, कुणाशीही बोलणाऱ्या त्या माणसाला लेकीशी बोलता येईना. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"सुमे," शेवटी ते म्हणाले, "पानी दे की गं."

सुमन जागीच थबकली. मग आत गेली ती येईचना. मी डोकावले. मोरीपाशी उभी राहून ती लख्ख तांब्या पुन्हा पुन्हा घासत होती आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडावर दाबून धरला होता.

ती बाहेर आली. आप्पांनी तांब्या तोंडाला लावला तो रिता करूनच खाली ठेवला. मग पायातल्या वहाणा काढल्या, उंबरा ओलांडून आत गेले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "सैपाकाला काय केलंस?"