दोनच गोष्टी घेणारं फंक्शन

‘जोड’ नावाचं फंक्शन मंगळवारी दुपारी ऑफिसात येऊन खुर्चीवर बसलं आणि यापुढे आपण दोनच गोष्टी हातात घेणार, असं त्यानं सांगितलं.

सांगलीच्या त्या ऑफिसात आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर बनत असे. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ‘जोड’ला, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या छोट्या तुकड्याला, हाक मारायची, की ते कुठल्याही दोन चौकोनांमध्ये रेष ओढून द्यायचं. काम खरं तर एवढंच. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची इथे पद्धत नव्हती. कुणाला रेष निळी हवी, कुणाला जाड, कुणाला वळणाची. ज्याची त्याची हौस ‘जोड’च्या हातात दिली गेली आणि बिचारं पार वाकून गेलं. ते ऑफिसातल्या शलाकानं लिहिलेलं फंक्शन.

“आणि आम्ही नाही ऐकलं तर?” मगदूम सरांनी विचारलं. ते मालक होते आणि सगळे निर्णय चहा पिता पिता घेत.

“तर मी जाईन,” ‘जोड’ म्हणालं. “मी काढलेल्या रेषाही माझ्याबरोबर येतील.”

शलाकानं पडद्यावरच्या आपल्या आकृतीकडे पाहिलं. ऑफिसातली माणसं कुठल्याही नव्या कामाची चाचणी आपापल्या घरच्यांचे चौकोन मांडून घेत. शलाकाच्या आकृतीत ती स्वतः होती आणि मिरजेची उल्काताई होती. सांगलीहून मिरज ती काय लांब, पण बहिणींचं बोलणं कधीचंच बंद होतं. कशावरून बिनसलं ते दोघींनाही धड आठवत नव्हतं. आधी कुणी बोलायचं हे मात्र दोघींना पक्कं ठाऊक होतं: दुसरीनं. दोघींमध्ये आता पडद्यावरची रेष तेवढी शिल्लक होती.

“मग भार उतरवू या की,” मगदूम सर म्हणाले. “पण टाकून कसा द्यायचा? गिऱ्हाईक मागेल ना.”

“टाकू नका,” ‘जोड’ म्हणालं. “ज्यानं दिला त्यानं घरी नेऊन सांभाळावा. कुणी मागितलंच, तर तिथून आणून द्यावं.”

हे सगळ्यांना रास्त वाटलं. मगदूम सरांनी रंग नेले. त्यांची गॅलरी संध्याकाळी निळी होऊ लागली. हिशेब बघणाऱ्या खुरपे मॅडम जाडी घेऊन गेल्या. वळण कुणाच्याच घरात मावेना, म्हणून ते कृष्णेकाठी नेऊन सोडलं आणि नदीनं ते विनातक्रार ठेवून घेतलं. ‘जोड’ हळूहळू ताठ उभं राहू लागलं.

शेवटी बाण तेवढा उरला. रेष कुणी कुणाकडे काढली ते दाखवणारा हा बाण शलाकानंच दिलेला होता.

“हा राहू दे रे,” ती म्हणाली. “सुरुवात कुणी केली ते कळायला नको?”

“कशाला?”

तिला वाईट वाटलं आणि रागही आला, कारण आधी ताईनं बोलावं म्हणून इतकी वर्षं तिनं तो बाण स्वतःच्याच चौकोनाकडे वळवून ठेवला होता. संध्याकाळी तिनं तो पिशवीत घातला, घरी नेला आणि डाळींच्या डब्यांमागे ठेवून दिला.

सकाळी ती आली तेव्हा पडद्यावरच्या जुन्या रेषा उतरवलेल्या भाराबरोबरच पुसल्या गेल्या होत्या. सगळ्या नव्यानं काढायच्या होत्या. ‘जोड’ मोकळ्या हातांनी खिडकीशी उभं होतं.

“कुणापासून?” त्यानं विचारलं.

“माझ्यापासून.”

“कुणापर्यंत?”

“ताईपर्यंत.”

रेष खिडकीतून बाहेर पडली. चिंचेवरून गेली, शेतांवरून गेली, मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीवर जराशी थरथरली आणि पुढे गेली. मग ताणली गेली. शलाकानं अलीकडचं टोक कानाशी धरलं.

“शलू?” पलीकडून ताईचा आवाज आला. “ही रेष तू काढलीस की मी?”

शलाकानं रेष नीट निरखून पाहिली. तिच्यावर खूण कसलीच नव्हती.

“कळायला काही मार्ग नाही, ताई.”

“बरं,” ताई म्हणाली. “जेवलीस का?”