पिवळ्या गल्लीतलं निळं घर

दुपारी मावशींच्या घराचं दार लावायचं नाही, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. ते दार फुगलेलं होतं आणि लावताना इतकं करकरायचं की घड्याळकाका आरामखुर्चीत दचकून जागे व्हायचे. घड्याळकाका म्हणजे मावशींचे यजमान. हयातभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केलं तेव्हा गिऱ्हाइकांचं लांब बाकडं आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ तेवढं घरी आणलं आणि त्या घड्याळाखाली खुर्ची टाकून झोपायला लागले. त्यांची झोप मोडू नये म्हणून दार उघडं, आणि दार उघडं म्हणून सगळी गल्ली आत.

त्या दुपारीही नेहमीचीच मंडळी होती. निवृत्त मास्तर खिडकीशी पेपर वाचत होते. मावशींकडे पेपर येतो म्हटल्यावर आपल्या घरी दुसरा कशाला, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमन बूट काढून बाकड्यावर आडवा झाला होता. समोरची नर्स कुणाच्या तरी बाळाचं वजन मावशींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर करत होती. पडद्यामागे, आतल्या खोलीत, मावशींचा डोळा लागला होता. बाहेर हलकी कुजबुज, पेपराची सळसळ आणि वर पंख्याची घरघर. जुन्या दुपारी अशाच असायच्या, कोमट पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या.

तेवढ्यात दारात नगररचना कार्यालयाचा सर्वेक्षक येऊन उभा राहिला. शहराचा नवा नकाशा व्हायचा होता आणि कुठल्या जागेचा काय वापर होतो ते टिपत तो उन्हातून हिंडत होता. त्याला कार्यालयातल्या साहेबबाईंनी बजावून पाठवलं होतं की लोकांना विचारू नका, लोक सोयीचं सांगतात. डोळ्यांना दिसेल ते लिहा. तरी त्याने मास्तरांना विचारलंच.

"काय आहे हो हे?"

मास्तरांनी पेपरातून मान वर केली नाही. "बसा. पाणी कोपऱ्यात आहे. आवाज करू नका."

"बंद किती वाजता होतं?"

"बंद करतंय कोण?"

"आणि इथे बघायला कोण असतं?"

मास्तरांनी खुर्चीतल्या घड्याळकाकांकडे बोट केलं. "हे काय, झोपलेत."

ड्युटीवर झोपलेला शिपाई सर्वेक्षकाने पुष्कळ कार्यालयांत पाहिला होता, त्यामुळे त्याची खात्रीच पटली. तो पाणी प्यायला, टेकला आणि टेकल्या टेकल्या त्यालाही झोप लागली. जाग आल्यावर ताजातवाना होऊन त्याने टिपून घेतलं: वाचन, पिण्याचं पाणी, बालआरोग्य, विश्रांती. वापर सार्वजनिक. एक शिपाई नेमलेला.

पुढे नकाशा लोकांना पाहण्यासाठी कार्यालयाच्या व्हरांड्यात लागला. राहती घरं पिवळी, बागा हिरव्या, शाळा-दवाखाने-वाचनालयं निळी. मास्तर तो बघून आले आणि दारातूनच म्हणाले, "मावशी, सगळी गल्ली पिवळी आहे. तुम्ही तेवढ्या निळ्या."

मावशींना वाटलं, मास्तरांना ऊन लागलं. त्यांनी त्यांना पाणी दिलं आणि विषय सोडून दिला. पण त्या दुपारी त्यांना स्वप्न पडलं की आपलं घर निळ्या पाण्यावर तरंगत चाललंय आणि काठावरचे लोक रुमाल हलवताहेत. त्यातला एक रुमालवाला अगदी जवळ आला आणि म्हणाला, "बाई, तक्रारपेटी कुठे आहे?"

मावशींनी डोळे उघडले. पडद्याला धरून खरोखरच एक अनोळखी माणूस उभा होता. पंखा फार हळू फिरतो, अशी त्याची तक्रार होती.

बाहेर येऊन बघतात तर दारावर फलक ठोकलेला. 'नागरिक विसावा केंद्र. वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सहा.' एरवी फुटका नळ वर्ष-वर्ष न बघणाऱ्या कार्यालयाला या कामात काय घाई झाली कोण जाणे. दाराशी कचऱ्याचा डबाही आला. गॅलरीत वाळत घातलेल्या परकरांकडे बघून एका गृहस्थांनी सार्वजनिक जागेचं भान राखा म्हणून सुनावलं. आणि सहाच्या ठोक्याला कुलूप घेऊन माणूस हजर झाला. घड्याळकाकांनी अर्धवट झोपेत त्याला घराची किल्लीसुद्धा काढून दिली.

"अहो, घर आपलं आहे," त्या माणसाच्या हातून किल्ली परत घेत मावशी म्हणाल्या.

"तो इतकं नीट मागत होता गं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशी घराचे कागद घेऊन साहेबबाईंपुढे जाऊन बसल्या. साहेबबाई भल्या होत्या. मालकी तुमचीच आहे, त्याबद्दल शंका नाही, त्या म्हणाल्या. प्रश्न वापराचा आहे. नकाशा असाच कायम झाला तर सार्वजनिक जागेत कुणाला राहता येणार नाही. फक्त शिपायाला मागची एक खोली मिळते.

"म्हणजे आमच्या ह्यांना."

"हो. ते नेमलेले दिसतात."

"आणि मी?"

साहेबबाईंनी कागद उलटसुलट केले. "शिपायाच्या कुटुंबाला वेगळी परवानगी लागते."

ज्या घरात मावशी नवी नवरी म्हणून आल्या, जिथे सासूबाईंच्या धाकात सकाळचा चहा उकळायला शिकल्या, तिथे आता नवऱ्याच्या ओळखीवर राहायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबबाईंनी मग पुढे वाकून हळूच सांगितलं, "हरकत नोंदवा. आम्ही पाहणीला येऊ. तेव्हा घर घरासारखं दिसू द्या, म्हणजे झालं."

घर घरासारखं कसं दिसतं, यावर गल्लीत बराच खल झाला. शेवटी मास्तरांनी निकाल दिला की जिथे कुणी येत नाही ते घर. सगळ्यांना पटलं. पोस्टमनने पत्रं फटीतून टाकायचं कबूल केलं. नर्सने बाळांचा मुक्काम दुसरीकडे हलवला. मास्तर तर स्वतःचा पेपर लावतो म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. माणूस किती पोटतिडकीने बोलतोय ते कळलं.

पाहणीच्या दिवशी दार लोटलेलं होतं. बाकड्यावर कुणी नव्हतं. साहेबबाई आणि सर्वेक्षक आले, बसले. घड्याळ टिकटिकत राहिलं.

"रोज असंच असतं?" साहेबबाईंनी विचारलं.

मावशींनी रिकाम्या बाकड्याकडे पाहिलं. "असंच," त्या म्हणाल्या.

घर पिवळं झालं. फलक उतरवून कार्यालयात जमा करा, असं सर्वेक्षक जाताना सांगून गेला. मावशींनी तो उतरवला आणि कपाटामागे उभा केला.

मग दुपारी आल्या, एकामागून एक, आणि कुणीच आलं नाही. गल्लीने पाहणीची धास्तीच घेतली होती. नर्स रस्त्यातूनच हात करायची. मास्तर एकदा आले, तर बाहेर उभे राहून त्यांनी चक्क बेल वाजवली. ती बेल वाजते हे मावशींना तेव्हा कळलं. आत या म्हटलं तर "नको, कुणी बघितलं तर तुम्हाला त्रास," म्हणत ते उंबऱ्यावरूनच परतले.

आता पडद्याबाहेर चिडीचूप. मावशी पडायच्या आणि छताकडे बघत राहायच्या. कुजबुज नाही, सळसळ नाही, झोप कशावर लागणार? एके दिवशी भर दुपारी घड्याळकाका टक्क जागे होऊन पडद्याशी आले. इतकी वर्षं दुपार काही त्यांनी पाहिली नव्हती.

"आज कुणी आलं नाही का गं?" ते म्हणाले. "मला झोपच येत नाही."

मावशी उठल्या. कपाटामागून फलक ओढून काढला, पदराने पुसला आणि स्टुलावर चढून जुन्याच खिळ्यांना अडकवला. मग दार सताड उघडलं.

पहिले मास्तर आले. त्यांनी फलक नीट वाचला आणि घड्याळात बघितलं. "नऊ ते सहा. मग हरकत नाही," असं म्हणून ते खिडकीशी जाऊन बसले. ज्या घरात ते जन्मभर न विचारता शिरले, तिथे आज ते परवानगीने आले होते आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटत होता. मागोमाग पोस्टमनचे बूट आले. नर्स बाळ घेऊन आली. पडद्याबाहेर हळूहळू कुजबुज भरली आणि मावशींचे डोळे जड झाले.

पिवळ्या घरावर निळ्या घराचा फलक लागलाय, ही बातमी कार्यालयात पोचायला वेळ लागला नाही. फलक जप्त करायला सर्वेक्षक आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आधी मालकांना सांगावं म्हणून तो आत शिरला. मालक खुर्चीत झोपले होते. मालकीणबाई पडद्यामागे झोपल्या होत्या. पेपर छातीवर घेऊन मास्तर आणि बाकड्यावर पोस्टमन, तेही झोपले होते. नर्सच्या मांडीवर बाळ झोपलं होतं आणि तीही पेंगत होती. उठवायचं कुणाला? कुणी उठेपर्यंत थांबू, असं मनाशी म्हणत तो पाणी प्यायला आणि पोस्टमनच्या पायाशी टेकला.

किती वेळ गेला कोण जाणे. पावलं वाजली तसे त्याने डोळे किलकिले केले. दारात एक घामाघूम वाटसरू फलक वाचत उभा होता.

"काय आहे हो हे? घर की केंद्र?"

सर्वेक्षकाने खिशातला नकाशा चाचपला, आणि तिथेच राहू दिला.

"बसा," तो बाकड्यावर थोडा सरकत म्हणाला. "पाणी कोपऱ्यात आहे. आवाज करू नका."